चेहऱ्याचा रंग कातडीच्या आत तयार होतो

पोर्ट्रेटमधे, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याच्या फोटोत, दोन गोष्टी हमखास बिघडतात, स्किन टोन (कातडीचा रंग) आणि शार्पनेस (रेखीवपणा). आधी रंग. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात करायची जुळवणी) बरोबर ठेवला की स्किन टोन आपोआप बरोबर येतो असं सर्रास सांगितलं जातं, आणि ते अर्धवट आहे. व्हाइट बॅलन्स लागतोच, त्याबद्दल वाद नाही, पण पांढरा शर्ट अगदी पांढराशुभ्र आलाय, मागची भिंतही बरोबर आलीय आणि चेहरा मात्र आजारी माणसासारखा मातकट दिसतोय असे फोटो सगळ्यांनीच बघितले असतील. एकाच फोटोत शर्ट बरोबर आणि चेहरा चूक हे कसं होतं? हे समजायला आधी कातडीत शिरावं लागतं, आणि हा माझा अतिशय आवडता विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कातडीवर प्रकाश पडला की त्यातला साधारण ४-५ टक्के वरच्यावरच परत फिरतो. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर जी चकाकी दिसते ती हीच, आणि तिला कातडीचा रंग नसतोच, तिला दिव्याचा रंग असतो. बाकीचा प्रकाश आत जातो. वरच्या थरात मेलॅनिन हे रंगद्रव्य असतं, ते सगळेच रंग शोषतं पण निळा जास्त, लाल कमी, म्हणून त्याची छटा तपकिरी. त्याच्या खालच्या थरात कोलॅजेनचे धागे आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. या धाग्यांवर आपटत, दिशा बदलत प्रकाश आतल्या आत भटकतो आणि त्यातला काही भाग पुन्हा वर येतो, पण जिथून शिरला तिथूनच येईल असं नाही, एखाद-दोन मिलिमीटर बाजूलाही निघतो. आणि या भटकंतीत त्याची गाठ पडते रक्तातल्या हिमोग्लोबिनशी.

ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन ५४२ आणि ५७७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या (प्रकाशाचा रंग हिच्यावरूनच ठरतो) आसपासचा प्रकाश, म्हणजे हिरवा आणि हिरवट पिवळा, जोरात शोषतं. ६०० च्या पुढे गेलं की त्याचं शोषण एकदम कोसळतं, त्यामुळे लाल प्रकाश जवळपास न अडता बाहेर येतो. अंधारात मोबाईलचा टॉर्च बोटामागे धरून बघा, बोट लालभडक दिसेल, दिवा पांढराच आहे पण बोटातून फक्त लालच पार झाला. गालांची लाली, ओठांचा रंग, कानाच्या पाळीवर मागून ऊन पडल्यावर येणारी ती सुंदर लालसर झाक, हे सगळं या एका कोसळण्यामुळे आहे. आपण ज्याला 'जिवंत' चेहरा म्हणतो तो मुख्यतः ६०० नॅनोमीटरच्या पुढे दिसतो.

आता दिव्याकडे या. आपण वापरतो तो पांढरा एलईडी मुळात निळा असतो, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा (निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं). त्या निळ्यावर पिवळा फॉस्फर (निळा प्रकाश घेऊन पिवळा सोडणारा लेप) बसवतात आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. स्वस्त दिव्यांत या पांढऱ्यात ६३० च्या पुढचा गडद लाल फारच कमी असतो. शर्टला काही फरक पडत नाही, तो मिळेल ते सगळं सारखंच परत पाठवतो. चेहऱ्याला पडतो, कारण रक्ताची सही जिथे उमटते तो प्रकाशच आलेला नाही.

मग लाल वाढवला तर? इथे बायर फिल्टर आडवा येतो. कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या) प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो, निम्मे हिरवे आणि पाव-पाव लाल-निळे, ही रचना कोडॅकच्या ब्राइस बायरची, पेटंट १९७६ चं. यातला लाल फिल्टर रुंद असतो, नारिंगीपासून गडद लालपर्यंत जे येईल त्याचा एकच आकडा करतो. आलेला प्रकाश नारिंगी होता की खरोखर लाल, हे त्या आकड्यात उरतच नाही, त्यामुळे आकडा वाढवला की नारिंगीच वाढतं आणि मातकट चेहरा नारिंगी मातकट होतो. जी माहिती आलीच नाही ती स्लायडरनं येणार नाही.

म्हणून दिवा घेताना खोक्यावरच्या सीआरआयवर (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणाऱ्या आकड्यावर) भरवसा ठेवू नका. तो आकडा ८ रंगनमुन्यांची सरासरी असते आणि ते आठही नमुने फिकट, सौम्य आहेत. गडद लाल हा नववा नमुना, आर-९, सरासरीत धरतच नाहीत! ८० सीआरआयच्या दिव्याचा आर-९ शून्याच्या जवळपासही असू शकतो. आर-९ वेगळा छापलेला असेल तर तो बघा, आणि पर्याय असेल तर खिडकीचा उजेड घ्या, त्यात सगळं असतं. झाडाखाली किंवा हिरवळीवर उभं करून फोटो काढला की हनुवटीखाली हिरवट सावली येते तीही तापदायक, कारण हिरवा फक्त सावलीच्या बाजूला आहे, तो घालवायला व्हाइट बॅलन्स हलवला की उजेडाची बाजू जांभळट होते. माणसाला चार पावलं बाजूला घेणं हाच उपाय.

आता एक गोष्ट जी मला अजूनही थक्क करते. व्हिडिओवाले रंग तपासायला व्हेक्टरस्कोप (चित्रातला प्रत्येक रंग ठिपक्यानं दाखवणारा गोल आलेख) वापरतात, त्यावर स्किन टोनची एक रेघ असते, लाल आणि पिवळ्याच्या मधे. अगदी गोऱ्यापासून अगदी काळ्यापर्यंत कोणाचाही चेहरा घ्या, प्रकाश नीट असेल तर ठिपके त्या रेघेच्या आसपासच पडतात. कारण सगळ्यांच्या कातडीत रंगद्रव्यं तीच, मेलॅनिन आणि हिमोग्लोबिन. मेलॅनिन कमी-जास्त झालं की उजळपणा खूप बदलतो, रंगाची जात फारशी बदलत नाही. काळ्या-सावळ्या माणसांचे फोटो चांगले येत नाहीत हा समज त्यामुळे सरळ खोटा आहे. तो पसरायला तंत्रज्ञानही कारणीभूत होतं, कोडॅकच्या लॅबमधे प्रिंटचे रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' असायचं आणि त्यावर कित्येक वर्षं फक्त गोऱ्या बाईचा फोटो असायचा, वेगवेगळ्या वर्णांची कार्डं खूप उशिरा आली. २०२२ मधे गूगलनं आणलेली मंक स्केल, म्हणजे कातडीच्या छटांची मोजपट्टी, १० छटांची आहे, दिशा बरोबर आहे. पण फोनमधले 'ब्यूटी मोड' अजूनही न विचारता चेहरा गोरा करतात आणि त्याला सुधारणा म्हणतात, ही मला तंत्रज्ञानाच्या नावाखाली चाललेली दिशाभूल वाटते.

सावळ्या चेहऱ्याबाबत लक्षात ठेवायचं ते एवढंच की आतून येणारा प्रकाश कमी असतो पण वरची ४-५ टक्के चकाकी तेवढीच असते, म्हणजे तुलनेनं ती जास्त उठून दिसते. छोट्या फ्लॅशनं तिचे पांढरे डाग पडतात, मोठ्या खिडकीनं किंवा सॉफ्टबॉक्सनं (दिव्यावर लावायच्या, प्रकाश पसरवणाऱ्या कापडी खोक्यानं) तीच चकाकी पसरते आणि गालाचा, कपाळाचा आकार सुरेख दाखवते. आणि कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सगळंच मधल्या करड्यावर आणायला बघतं, तेव्हा फ्रेमभर चेहरा असेल तर सावळ्याला एक्स्पोजर (फोटोसाठी घेतलेला प्रकाश) थोडं कमी आणि गोऱ्याला थोडं जास्त द्यायचं.

शार्पनेसचा प्रश्नही त्याच कातडीतून सुरू होतो. लाल प्रकाश आत जास्त खोल जाऊन, जास्त भटकून येतो, म्हणून कुठल्याही पोर्ट्रेटचा फक्त लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) उघडून बघितला तर कातडी मऊ दिसते. निळ्या चॅनलमधे मात्र छिद्रं, डाग, वांग सगळं ठसठशीत. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे, त्यामुळे मूकपटांच्या काळात लालसर चेहरे काळपट आणि डागाळलेले यायचे आणि नटांना जाड रंग फासावा लागायचा. आज पूर्ण फोटोवर शार्पनिंगचा स्लायडर ओढला की थोड्याफार प्रमाणात तेच होतं. मास्क लावून, म्हणजे परिणाम ठरावीक भागापुरता मर्यादित ठेवून, डोळे, भुवया, ओठ आणि केस एवढ्यालाच शार्प करा, गाल सोडून द्या. फोन मात्र उलटं करतो, कमी उजेडात नॉइज (फोटोत येणारे रवाळ ठिपके) काढताना छिद्रंही पुसतो आणि कातडी प्लास्टिकची होते, त्यावर २०० मेगापिक्सेल हा इलाज नाही, कारण ते बारीक पिक्सेल कमी उजेडात एकत्र करूनच वापरतात.

बाकी अनशार्प पोर्ट्रेटांत गडबड बहुतेक वेळा फोकसची असते. फुल फ्रेमवर (मोठ्या, ३६×२४ मिमी सेन्सरवर) ८५ मिमी लेन्स, छिद्र एफ/१.८ (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), अंतर दीड मीटर, तर शार्प दिसणारी पट्टी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. त्यात एक डोळा बसतो, मान वळलेली असेल तर दुसरा नाही. एफ/४ ला हीच पट्टी साडेसात सेंटीमीटरच्या आसपास जाते. मधल्या बिंदूनं डोळ्यावर फोकस करून मग फ्रेम हलवायची सवय असेल तर ती सोडा, कॅमेरा १२ अंश फिरवला की दीड मीटरवर फोकसचं प्रतल डोळ्याच्या तीनेक सेंटीमीटर मागे जातं आणि मग डोळ्याऐवजी त्याच्या मागचा भाग शार्प येतो. बिंदूच डोळ्यावर न्या किंवा आय एएफ (डोळा ओळखून आपोआप फोकस करणारी सोय) चालू ठेवा, जवळच्या डोळ्यावर. आणि ८५ मिमीला १/८५ सेकंद हा जो नियम सांगतात तो फक्त आपल्या हाताच्या थरथरीपुरता आहे, समोरचा माणूस बोलतोय, श्वास घेतोय, किंचित पुढेमागे होतोय, त्याच्यासाठी १/२०० किंवा त्याहून जलद शटर ठेवा आणि गरज पडली तर आयएसओ (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा ते) वाढवा, थोडा नॉइज नंतर कमी करता येतो, हललेला डोळा दुरुस्त होत नाही.