ऐंशी दिवसांचा हिशोब

बर्फातल्या काळ्यापांढऱ्या पक्ष्याचा फोटो टाकला की कुणीतरी 'वा, पेंग्विन!' लिहितंच. अहो, आर्क्टिकमध्ये पेंग्विन नसतात. हा ब्लॅक गिलेमॉट, पाय लालभडक, आणि चांगला उडतो.

अलास्काच्या उत्तरेला कूपर आयलंड ही वाळू-खडीची सपाट पट्टी आहे. गिलेमॉटला अंडी घालायला खडकातली कपार लागते आणि इथे खडकच नाही. पण १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाने लाकडी पेट्या तिथेच टाकून दिल्या, आणि १९७२ मध्ये जॉर्ज डिवोकी हे संशोधक गेले तर त्यात १० जोड्यांनी संसार थाटलेला! त्यांनी बाकीच्या पेट्याही उलट्यापालट्या करून सोयीच्या केल्या, ८० चं दशक संपेस्तोवर जोड्या २०० च्या वर.

पण नुसती पेटी मिळून भागत नाही, मला आवडतो तो पुढचा हिशोब. पेटीच्या तोंडावरचा बर्फ वितळून आत शिरता आलं की मगच मादीच्या पोटात अंडं तयार व्हायला लागतं, त्याला साधारण १४ दिवस, मग उबवायला २८, मग पिल्लू उडेपर्यंत ३५, म्हणजे झाले ७७, आणि दोन अंड्यांमधलं अंतर वगैरे धरून ८० तरी बर्फाशिवायचे सलग दिवस हवेतच, नाहीतर नवा बर्फ पडून पिल्लं आतच अडकतात. पूर्वी तिथे एवढा लांब उन्हाळा क्वचितच मिळायचा. थोडक्यात, हवा तापली म्हणून ही वसाहत जमली. इथेच काही जण 'बघा, ग्लोबल वॉर्मिंग चांगलं असतं' म्हणत फॉरवर्ड ढकलतात, त्यांनी पुढचंही वाचावं.

पिल्लांचं खाणं म्हणजे आर्क्टिक कॉड हा मासा. समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ वाढतं, ते बारीक झिंग्यांसारखे जीव खातात, त्यांना कॉड खातो, म्हणजे बर्फ जिथे तिथे कॉड. आणि गिलेमॉट एका फेरीत चोचीत एकच मासा आणतो! बर्फाची कड बेटाजवळ असली तर ठीक, पण ती शेकडो किलोमीटर लांब गेली की एका माशासाठी तेवढं कोण उडणार? मग किनाऱ्याजवळचा स्कल्पिन मासा आणतात, हाडकुळ्या काटेरी डोक्याचा, पिल्लांना गिळणं अवघड जातं.

त्यात बर्फ गेल्यामुळे २००२ पासून ध्रुवीय अस्वलं बेटावर यायला लागली, लाकडी पेट्या उलथून पिल्लं खायची. शेवटी २०११ मध्ये डिवोकींनी पेट्या बदलून जाड प्लॅस्टिकच्या केसेस ठेवल्या, दार एवढं लहान की अस्वलाचं तोंड आत जात नाही. त्याने अस्वलांपासून बचाव झाला, कॉडचा प्रश्न तसाच राहिला.