रान हिरवं, पण गुरांच्या अंगी लागेल का?

पोळ्याच्या सुमारास नागपूरजवळच्या हिंगणा-काटोलकडची पडीत जमीन आणि झुडपी जंगल हिरवंगार असतं. त्या हिरवाईत मारवेलचं गवत किती आणि तरोट्याचं तण किती, हे चालत्या गाडीतून कळत नाही. गाईला कळतं, ती तरोट्याला तोंड लावत नाही. चाऱ्याचा कस वरून जोखू पाहणाऱ्या उपग्रहाची अवस्था गाडीतल्या माणसासारखीच आहे.

हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं आणि पानाच्या आतली रचना डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. परत आलेल्या या दोन्ही प्रकाशांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागलं की एनडीव्हीआय हा हिरवाईचा निर्देशांक मिळतो. चारा किती आहे, हे त्यावरून बऱ्यापैकी समजतं. तो कसा आहे, हे सांगताना मात्र हा निर्देशांक तोकडा पडतो, आणि गवत दाट झालं की आकडा वर सरकतच नाही.

खरी माहिती लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवर, साधारण 680 ते 750 नॅनोमीटरच्या पट्ट्यात असते. तिथे परावर्तन एकदम उसळतं. पान सकस असेल तर ही चढण लांब तरंगलांबीकडे सरकते. पिवळं पडू लागलं की मागे येते. पानातलं बहुतेक नत्र प्रथिनांत असतं, पण ते आणि हरितद्रव्य सहसा बरोबरीने वाढतं-घटतं. म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. नत्राला 6.25 ने गुणलं की कच्ची प्रथिनं. ती सुमारे 7 टक्क्यांखाली गेली की गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव मंदावतात, चारा पचेनासा होतो आणि समोर गवत असूनही ती कमी खाते.

2015 पासून फिरणाऱ्या सेंटिनेल-2 उपग्रहांत या सीमेसाठी खास पट्टे आहेत आणि त्यांची चित्रं फुकट मिळतात. त्या चित्रातला एक ठिपका 20 मीटर लांब-रुंद, म्हणजे सातबाऱ्यावरचे चार आर. एवढ्यात एखादी बाभूळ, पळसाची दोन झुडपं आणि गाजरगवताचा ताटवा सहज मावतो, आणि त्या सगळ्यांची हिरवाई गवताच्या खात्यावर जमा होते.

त्यामुळे विळ्याला पर्याय नाही. मीटरभराची चौकट टाकायची, आतलं सगळं जमिनीलगत कापायचं, तण वेगळं काढायचं, उरलेलं 60-65 अंशांवर वाळवून दळायचं आणि नत्र मोजायचं. त्यासाठी आजही वापरतात ती पद्धत डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये काढली. असे नमुने हाताशी नसतील तर उपग्रहाचा रंगीत नकाशा भिंतीवर लावण्यापुरताच. उपग्रहचित्रं वाचणारं महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर आणि पशुविज्ञान विद्यापीठ, दोन्ही नागपुरातच आहेत, ही आपली सोय.

अडचण ढगांची. गवत कोवळं आणि सकस असतं, नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं. रडार ढगांतून पाहतं, पण त्याला हरितद्रव्य दिसत नाही. आभाळ मोकळं होईपर्यंत कुसळी गवत फुलोऱ्यात गेलेलं असतं. पुढे त्याची पीळदार कुसळं गुरांच्या तोंडात रुततात आणि काड्या नुसत्या चोथ्याच्या होतात. माझ्या मते आपल्याकडे या तंत्राचा पहिला उपयोग रोज कुठे चारायचं ते सांगायला नाही, तर कोणत्या टापूतलं गवत आधी कापून वाळवायचं ते ठरवायला आहे.

वाळण्याचा एक फायदाही आहे. प्रथिनांची स्वतःची खूण 2,100 नॅनोमीटरच्या पुढे उमटते, पण ओल्या पानातलं पाणी ती झाकून टाकतं. 2022 मध्ये सोडलेल्या जर्मनीच्या एनमॅपसारखे शेकडो अरुंद पट्टे टिपणारे उपग्रह ही खूण शोधू शकतात, आणि गवतातलं पाणी उतरू लागलं की ती जास्त स्पष्ट होते. त्यांचा ठिपका मात्र 30 मीटरचा, म्हणजे बाभळी आणखी जास्त.