कॉफी कडू लागते? मग पावडर वाढवून पाहा

खानदेश हा चहाचा मुलूख आहे. कॉफी आपल्याकडे बहुधा दुधात उकळूनच होते. अलीकडे मात्र पुण्या-बेंगळुरूहून सुटीत घरी येणारी मुले कागदी गाळणी आणि दळलेली कॉफी बरोबर आणतात आणि बिनदुधाची कॉफी करू लागतात. जळगावच्या आमच्या घरी भाचीने केलेली अशी पहिली कॉफी कडू झाली, तेव्हा सर्वांनी एकमुखाने 'पावडर कमी टाक' असा सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी निम्मी पावडर टाकली, तर कॉफी पाणचट झाली आणि कडूपणा मात्र होता तिथेच राहिला.

यात नवल काहीच नाही, कारण कॉफीचा कडकपणा आणि तिचे निष्कर्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपातील द्रावणाची संहती, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॉफीचे प्रमाण, हा कडकपणा. मूळ पावडरीतील किती टक्के भाग पाण्यात उतरला, ते निष्कर्षण. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण 30 टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो, बाकीचा चोथा. हे 30 टक्केही एकदम उतरत नाहीत. ढोबळमानाने आधी आंबट चवीची आम्ले येतात, मागोमाग गोडसर पदार्थ, आणि कडू-तुरट पदार्थ रेंगाळत शेवटी. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी 1950च्या दशकात हे दोन्ही घटक एकाच आलेखावर मांडले, आणि त्यातून पुढे 18 ते 22 टक्के निष्कर्षण व 1.15 ते 1.35 टक्के संहती हा संकेत रूढ झाला. तो अमेरिकी जिभांवरून ठरलेला आहे, निसर्गनियम नव्हे; पण हिशेबाला आधार म्हणून पुरतो.

आता खरी गंमत. कॉफीच्या कणातील पदार्थ बाहेर पडतात ते विसरणाने, म्हणजे आतली संहती जास्त आणि बाहेरच्या पाण्यातील कमी असते म्हणून. बाहेरचे पाणी जसजसे गडद होते, तसतसा हा फरक घटतो आणि ओघ मंदावतो. गाळणीत मात्र वरून सतत कोरे पाणी येत असल्यामुळे फरक टिकून राहतो आणि पावडर धुतली जात राहते. केळीच्या बागेत गरजेपेक्षा जास्त पाणी सोडले की मुळांजवळचे खत निचऱ्याबरोबर खाली निघून जाते, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कॉफीच्या पावडरीचेही तेच होते. पावडर निम्मी केली आणि पाणी तेवढेच ठेवले, तर प्रत्येक कणाच्या वाट्याला दुप्पट पाणी येते आणि ते तळाचा कडूपणाही खरवडून आणते.

आकडे मांडून पाहू. 15 ग्रॅम पावडरीवर 270 ग्रॅम पाणी ओतले, म्हणजे प्रमाण 1:18 झाले. चोथा आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट, म्हणजे 30 ग्रॅम पाणी धरून ठेवतो आणि कपात साधारण 240 ग्रॅम उतरते. निष्कर्षण 20 टक्के झाले, तर 3 ग्रॅम पदार्थ विरघळले आणि संहती 1.25 टक्के आली. आता पावडर साडेसात ग्रॅम घ्या. कपात 255 ग्रॅम उतरेल. तेवढीच संहती हवी, तर जवळपास 3.2 ग्रॅम, म्हणजे पावडरीचा 42 टक्के भाग विरघळायला हवा, जे अशक्यच आहे. अगदी 28 टक्क्यांपर्यंत पिळून काढली तरी 2.1 ग्रॅम मिळतील आणि संहती 0.8 टक्क्यांवर अडकेल. कॉफी पातळ आणि कडू, दोन्ही एकाच वेळी! याउलट 30 ग्रॅम पावडर घातल्यास कॉफी कडक होईल, पण निष्कर्षण अपुरे राहून आंबट लागण्याचा संभव अधिक. (झटपट कॉफीला हा हिशेब लागू नाही, ती सगळीच विरघळते.)

त्यामुळे पावडर चमच्याने नव्हे, वजनाने घ्यावी. सराफ बाजाराच्या गावात हे वेगळे सांगावे लागू नये. जास्त भाजलेली कॉफी फुगून हलकी होते, म्हणून तोच चमचा दर पुड्यागणिक वेगळे वजन देतो. प्रमाण एकदा ठरले की पुढची दुरुस्ती दळणात करावी: कडू लागली तर जाडसर, आंबट लागली तर बारीक.

पाण्याचाही वाटा आहे. बोअरच्या ज्या जड पाण्याने आपल्या भांड्यांवर पांढरा थर बसतो, त्यातील बायकार्बोनेट कॉफीतील आम्लांचे उदासिनीकरण करते आणि चव सपाट होते. शरीर अल्कधर्मी होते असे सांगून 'अल्कलाइन' पाण्याची महागडी यंत्रे विकणाऱ्यांनी त्या पाण्याची कॉफी जरूर करून पाहावी. त्या पाण्याने शरीर अल्कधर्मी होत नाही, कारण जठरातले तीव्र आम्ल त्याचा निकाल लावते. कॉफी मात्र नक्की बिघडते.

तापमान 90 ते 96 अंश सेल्सिअस असावे. समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटर उंचीवरील जळगावात पाणी 99 अंशांच्या पुढे उकळते, म्हणून आच बंद केल्यावर मिनिटभर थांबावे लागते; सुमारे 1150 मीटर उंचीवरील तोरणमाळला ते साधारण 96 अंशांनाच उकळते, तेव्हा तिथे उकळी फुटताच ओतावे.