चुंबक मेंदूला ओढत नाही, मग करतो तरी काय?

'चुंबकाने मेंदूच्या आजारांवर उपचार' अशी बातमी आली की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सगळी भोंदूगिरी, दुसरी म्हणते बघा, आम्ही सांगतच होतो, म्हणून तर मनगटात चुंबकाचं कडं घालतो. चुकतात दोघंही, पण कडंवाले जरा जास्तच.

बातमीतली गोष्ट म्हणजे टीएमएस, ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे कवटीबाहेरून चुंबकीय फील्डने मेंदूला चेतवणं. पेशंट खुर्चीत जागाच बसलेला असतो, भूल नाही, कापाकापी नाही, डोक्याला टेकवून एक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, धरतात आणि टक् टक् असा मोठा आवाज येतो, म्हणून कानात बोळे घालतात. कॉइल बरोबर जागेवर असेल तर विरुद्ध हाताचा अंगठा आपोआप उडतो! १९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूवर हे पहिल्यांदा करून दाखवलं.

आता गंमत बघा. एमआरआयचा मुख्य चुंबक १.५ किंवा ३ टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकीय ताकदीचं माप) असतो, त्यात माणूस अर्धा तास पडून राहतो आणि अंगठा काही उडत नाही. टीएमएसच्या कॉइलचं फील्डही साधारण १.५ ते २ टेस्लाच. मग फरक कशात? तर बदलण्यात. फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवलं होतं की चुंबकीय फील्ड नुसतं असून उपयोग नाही, ते बदलत असेल तरच वीज तयार होते. टीएमएसमध्ये कपॅसिटरमध्ये (वीज साठवून झटक्यात सोडणारा भाग) साठवलेली वीज एका झटक्यात कॉइलमध्ये सोडतात, हजारो अँपिअरचा करंट, आणि फील्ड शून्यापासून टोकाला पोचतं सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागात. इतक्या झपाट्याने बदलणारं हे फील्ड मेंदूत वीज तयार करतं. कड्यातला चुंबक वर्षभर घातला तरी जसाच्या तसा, त्यामुळे तो पेशींना काहीच करत नाही. आणि रक्तातलं लोह चुंबकाकडे ओढलं जातं हेही विसरा, हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं वागत नाही.

बरं, वीजच द्यायची तर थेट का नाही? देता येते, १९८० मध्ये तसं केलंही होतं, पण कवटी विजेला अडवते, मग व्होल्टेज वाढवावं लागतं आणि डोक्याची कातडी चांगलीच दुखते. चुंबकीय फील्डला हाडाची अडचणच नाही. म्हणजे चुंबक इथे फक्त हमाल, माल विजेचाच.

आत गेल्यावर काय होतं हा माझा सगळ्यात आवडता भाग. मेंदूपेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्ट कमी असतात. हा फरक पुरेसा घटला की सोडियमची दारं उघडतात आणि सिग्नल सुटतो. पण पेशीचा लांब तंतू सरळ असेल आणि फील्ड सगळीकडे सारखं असेल तर मधल्या भागात फारसं काही घडत नाही, चार्ज नुसता पुढे सरकतो. तंतू जिथे वळतो किंवा संपतो तिथे मात्र तो साचतो, आणि ठिणगी बहुतेक तिथेच पडते. म्हणूनच जागा तीच, ताकद तीच, पण कॉइल नुसती फिरवली तरी अंगठ्याचं उडणं कमीजास्त होतं, कारण तंतू आणि फील्ड यांच्यातला कोन बदलला. (थोडं किचकट झालं, पण कोनाशिवाय टीएमएस समजतच नाही.)

एक झटका म्हणजे उपचार नाही. झटके परत परत देतात. ढोबळमानाने सेकंदाला १ दिला तर तो भाग शांत होतो, १० दिले तर जास्त उत्तेजित होतो, पण माणसागणिक यात बराच फरक पडतो. औषधांनी न हटणाऱ्या डिप्रेशनसाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २००८ मध्ये परवानगी दिली, ऑरा असलेल्या, म्हणजे डोळ्यांपुढे चमक वगैरे दिसणाऱ्या, मायग्रेनसाठी २०१३ मध्ये. डिप्रेशनसाठी आठवड्यातले पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावं लागतं. स्ट्रोक आणि पार्किन्सनमध्ये प्रयोग भरपूर झालेत, निकाल संमिश्र. शिवाय नेहमीच्या कॉइलचा परिणाम दोनतीन सेंटीमीटरच आत पोचतो, पार्किन्सनमध्ये मरणाऱ्या पेशी त्याहून कितीतरी खोल असतात, तिथे थेट धक्का देताच येत नाही. त्यामुळे कोणी एकाच मशीनवर ऑटिझमपासून विसरभोळेपणापर्यंत सगळं बरं करून देतो म्हणत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

डोकं थोडं दुखणं हा नेहमीचा त्रास. फिट येणं दुर्मिळ, पण शक्यता असते, तेव्हा पूर्वी कधी फिट आली असेल तर आधीच सांगायचं. आणि कानात कॉकलिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल तर तेही, कारण बदलतं फील्ड त्या धातूतही करंट तयार करतं.