गर्दीतला गाववाला

घरी असताना त्या टोपीकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं. आपल्या संघाच्या रंगाची, कडेला थोडी उसवलेली, कुणाच्याही डोक्यावर दिसावी अशी. पण परक्या शहरात, स्टेशनच्या जिन्यावर शेकडो डोकी खाली-वर होत असताना तीच टोपी दिसली आणि पाय आपोआप थांबले. मागून एकाचा धक्का बसला. त्याची माफी मागेपर्यंत टोपी गर्दीत गडप झाली होती. टोपीखालचा चेहरासुद्धा मी पाहिला नव्हता, तरी दिवसभर उगाचच बरं वाटत राहिलं.

घरापासून लांब राहणाऱ्या प्रत्येक क्रीडावेड्याकडे असा एखादा किस्सा असतोच. घरच्या आठवणीने मन हळवं झालं, एवढं म्हणून आपण तो सोडून देतो. पण टोपी तीच होती, डोळेही तेच होते. मध्ये आलं होतं ते फक्त अंतर, आणि अंतराने काय काय बदलतं हे बरंचसं मोजता येतं.

सुरुवात टोपीपासूनच करू. १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने माहिती मोजायची कशी, हे दाखवून दिलं. त्यातली कल्पना साधी आहे. जे घडणारच होतं ते घडलं, तर आपल्याला नवीन काही कळत नाही. जे सहसा घडत नाही ते घडलं, तर खूप काही कळतं. या मापाचं एकक म्हणजे बिट. सामन्याच्या दिवशी आपल्या गावात दर दोन माणसांत एकाच्या अंगावर संघाची जर्सी असेल, तर एक जर्सी दिसण्यातून मिळणारी माहिती बरोबर १ बिट. नाणं उडवून छाप की काटा पाहावं, तेवढी. परक्या शहरात तीच जर्सी दर १०२४ माणसांत एकाच्या अंगावर असेल, तर ती दिसली की १० बिट माहिती मिळते. कापड तेच, रंग तोच, पण ती जर्सी आता दसपट बोलते आहे. गावात ती नुसती गर्दीचा भाग होती, इथे तो जवळजवळ पत्ताच झाला.

अर्थात, बोलणाऱ्याचं कुणीतरी ऐकायला हवं. आपल्या डोळ्याची मर्यादा मोठी आहे. हात लांब करून अंगठा समोर धरा. अंगठ्याच्या रुंदीएवढ्याच, म्हणजे सुमारे २ अंशांच्या भागात आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतं. संघाचं बोधचिन्ह ओळखायचं तर नजर नेमकी तिथेच पडावी लागते. रंगाचं तसं नाही. रंगाचा मोठा ठिपका नजरेच्या कडेलाही जाणवतो. ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० साली मांडलेल्या सिद्धांताचा एक भाग इथे चपखल बसतो. हिरव्या ठिपक्यांत एकच लाल ठिपका असेल, तर भोवती दहा ठिपके असोत की पन्नास, तो तितक्याच झटकन उठून दिसतो. पण रंग आणि आकार दोन्ही जुळवून पाहायचे असतील, तर लक्ष एकेका वस्तूवरून फिरवावं लागतं आणि गर्दी वाढली की वेळही वाढतो. म्हणून आधी आपल्याला रंग खुणावतो, मग मान वळते, आणि मग कळतं की ती जर्सी नव्हतीच, कुणाची तरी साधी पिशवी होती. अशी किती वेळा मान वळली, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

निसटलेल्यांचाही ठेवत नाही. “आपला माणूस मी गर्दीतही हेरतो” अशी फुशारकी मारणाऱ्यांनी जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ सालचा प्रयोग ऐकावा. पडद्यावरच्या वस्तूंच्या पसाऱ्यात एखादं अवजार आहे का, हे ओळखायचं होतं. निम्म्या चित्रांत अवजार असायचं तेव्हा लोकांकडून ७ टक्के अवजारं निसटली. शंभरात एकाच चित्रात अवजार ठेवल्यावर निसटण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. जे क्वचित असतं, ते शोधण्यात मेंदू आळशी होतो. “नसेलच” असं धरून चालतो. म्हणजे दूरच्या शहरात आपल्या शेजारून गेलेले कितीतरी गाववाले आपल्याला दिसलेलेच नाहीत. जे दिसले त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो आणि आपली नजर तीक्ष्ण ठरवून मोकळे होतो.

कानाचंही असंच. १९५३ साली कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली आणि एका कानातलं शब्दशः म्हणायला लावलं. दुसऱ्या कानातलं जवळजवळ काहीच कुणाला सांगता येईना. १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव पेरलं. सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. गोंगाटातून आपलं नाव बरोबर टिपलं जातं, याचं उदाहरण म्हणून हा प्रयोग हटकून सांगितला जातो. दोन तृतीयांश लोकांना स्वतःचं नावही ऐकू आलं नाही, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पण जे एरवी कानाबाहेर राहिलं असतं, ते आपल्याशी निगडित असल्यामुळे कधीकधी आत शिरतं, एवढं खरं. संघाचं नाव, कर्णधाराचं टोपणनाव, नाहीतर फक्त आपल्याकडच्या स्टँडमध्येच दिली जाणारी एखादी आरोळी अशीच आत शिरत असावी. इथे ‘असावी’ मुद्दाम म्हणतो आहे, कारण मोरे यांनी नाव वापरलं होतं, आरोळी नाही.

आता प्रश्न असा, की संघाचं नाव आपल्या नावाइतकं जवळचं झालं कधी? घरी तर ते तसं नव्हतं. याचं उत्तर मला विल्यम मॅग्वायर आणि ॲलिस पडावर-सिंगर यांच्या १९७६ सालच्या एका साध्याशा अभ्यासात सापडतं. त्यांनी सहावीतल्या २५२ मुलांना एवढंच सांगितलं, “स्वतःबद्दल सांगा.” ज्या मुलांच्या केसांचा रंग वर्गात वेगळा होता, ती केसांबद्दल इतरांपेक्षा जास्त वेळा बोलली. ज्यांचा जन्म दुसरीकडे झाला होता, ती जन्मगावाबद्दल जास्त बोलली. आपण कोण, या प्रश्नाला आपण देतो ते उत्तर भोवतालच्या लोकांवर ठरतं. आपल्यात जे वेगळं असतं, ते आपल्या मनातही वर येतं. गावात सगळेच त्या गावचे, त्यामुळे तिथे आपण अमक्याचा मुलगा, तमक्या कामातला माणूस. गाव सोडलं की आपण ‘तिकडचे’ होतो, आणि तिकडचं चटकन दाखवता येण्याजोगं निशाण म्हणजे संघ. घरी असताना चार सामने चुकवणारे लोक परगावी गेल्यावर अवेळी गजर लावून सामने बघतात, ते काही उगीच नाही.

पण टोपी घातली म्हणजे माणूस आपला, हे समीकरण कच्चं आहे. एक काल्पनिक हिशेब मांडू. एका शहरात १ लाख लोक आहेत. त्यांत आपल्या संघाचे खरे पाठीराखे ५०, आणि कुठल्याही दिवशी त्यांच्यातले ५ जण टोपी घालून बाहेर पडतात. आपला संघ जगप्रसिद्ध असेल, तर निव्वळ फॅशन म्हणून तीच टोपी घालणारे, धरा, २०० जण. मग टोपीवाला दिसला तर तो खरा पाठीराखा असण्याची शक्यता २०५ मध्ये ५, म्हणजे अडीच टक्क्यांहून कमी. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या टोपीचं नेमकं हेच झालं आहे. बेसबॉलचा चेंडूही न पाहिलेली डोकी जगभर ती घालून फिरतात. याउलट आपला संघ दुय्यम फळीतला, बाहेर कुणाला ठाऊक नसलेला असेल आणि फॅशनवाला सगळ्या शहरात एखादाच सापडत असेल, तर तीच शक्यता ६ मध्ये ५ होते. नामवंत संघाच्या चाहत्यांना सगळीकडे टोप्या दिसतात आणि माणसं भेटत नाहीत. छोट्या संघांच्या चाहत्यांना टोपी क्वचित दिसते, पण दिसली की बहुधा माणूसही भेटतो. यात छोट्या संघाची बाजू मला सरस वाटते. माझा संघ छोटाच आहे, तेव्हा हे मत तेवढ्याच किमतीचं समजावं.

म्हणूनच जाणकार लोक टोपीवर थांबत नाहीत. ते कसलेल्या सोनारासारखी पारख करतात. जर्सीवरचा नंबर कुणाचा? संघ सोडून गेलेल्या, मैदानात फारसा न उतरलेल्या खेळाडूचा असेल तर खात्री वाढते, कारण फॅशन म्हणून कोणी तसली जर्सी घेत नाही. जीवशास्त्रातही हाच युक्तिवाद आहे: जी खूण वठवायला अवघड किंवा महाग, ती जास्त विश्वासाची. जर्सी कोणत्या दिवशी घातली आहे, यालाही महत्त्व आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या सात विद्यापीठांची पाहणी प्रसिद्ध केली. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल, तर सोमवारी विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी जास्त दिसायचे. त्याच अभ्यासात विद्यार्थ्यांना सामन्याबद्दल विचारलं, तेव्हा जिंकल्यावर “आपण जिंकलो” असं म्हणण्याकडे कल होता. हरल्यावर हे ‘आपण’ आटायचं. पारखीच्या दृष्टीने निष्कर्ष उघड आहे: दणदणीत पराभवाच्या दुसऱ्या दिवशी जर्सी घालून हिंडणाऱ्याला खुशाल हाक मारावी.

हाक मारल्यावर काय होतं, हे मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या प्रयोगातून दिसतं. या साऱ्या विषयातला माझा हा सर्वांत लाडका प्रयोग. इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडचे चाहते असलेल्या विद्यार्थ्यांना बोलावलं, संघाविषयी चार प्रश्न विचारले आणि दुसऱ्या इमारतीत जायला सांगितलं. वाटेत एक धावणारा तरुण घसरून पडतो, घोटा धरून विव्हळतो. हा अर्थातच प्रयोगकर्त्यांचा माणूस. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असताना १३ पैकी १२ जण मदतीला थांबले. साधा शर्ट असताना १२ पैकी ४. आणि कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा शर्ट असताना १० पैकी ३.

इथपर्यंत नवल नाही. मग त्यांनी प्रयोग पुन्हा केला, फक्त सुरुवातीचे प्रश्न बदलले. या वेळी युनायटेडचे चाहते म्हणून नव्हे, तर फुटबॉलचे चाहते म्हणून बोलतं केलं. आता युनायटेडच्या शर्टाला १० पैकी ८ जणांनी मदत केली, आणि लिव्हरपूलच्या शर्टालाही १० पैकी ७ जणांनी. साध्या शर्टवाल्याला मात्र ९ पैकी फक्त २. माणसं मोजकीच होती, त्यामुळे या आकड्यांवर इमले बांधू नयेत. पण चार प्रश्न बदलल्याने ‘आपला’ या शब्दाचं कुंपण सरकलं आणि काल परका असलेला आत आला.

प्रयोगशाळेत जे काम प्रश्नपत्रिकेने केलं, ते बाहेर अंतर करतं असा माझा कयास आहे. गावात समोरच्या स्टँडमध्ये बसणारा, ज्याच्याशी शाळेपासून वाद घातला, तो प्रतिस्पर्धी संघाचा चाहता हजार किलोमीटरवर भेटला की गळ्यात पडतो. तिसऱ्या संघाचा डंका पिटणाऱ्या शहरात तुमच्या दोघांचं भांडण समजणारा दुसरा कुणी नसतो. ते भांडण हीच मग दोघांची सामाईक मिळकत. आणखी दूर, तो खेळच कुणाला माहीत नसलेल्या देशात गेलात, तर त्या खेळाचा कुठलाही चाहता गाववाला ठरतो.

एवढं असून आपण बहुतेक वेळा बोलत नाही. मीही त्या जिन्यावर हाक मारली नाहीच. स्टॅनली मिलग्रम यांनी १९७२ साली ‘ओळखीचे अनोळखी’ अशा लोकांबद्दल लिहिलं होतं: रोज त्याच फलाटावर दिसणारे, चेहऱ्याने पक्के माहीत असलेले, पण कधीही न बोललेले. त्यांचं एक निरीक्षण असं, की हीच माणसं नेहमीच्या जागेपासून जितकी लांब भेटतील, तितकी ती एकमेकांशी बोलण्याची शक्यता वाढते. गावातल्या स्टेडियममध्ये तीन रांगा पुढे बसणारा माणूस तुम्हाला तिथे वर्षानुवर्षं नुसता दिसेल. विमानतळावर भेटला तर तासभर बोलाल. आणि बोलायला संकोच वाटत असेल, तर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली शिकागोच्या लोकल आणि बसमधल्या प्रवाशांबाबत जे पाहिलं ते आठवावं. अनोळखी माणसाशी बोलल्याने प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता. ज्यांना प्रत्यक्ष बोलायला लावलं, त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा छान झाला.

त्यानंतर काही वर्षांनी मी गावी परतलो. पहिल्याच आठवड्यात सामना होता. स्टेशनबाहेर पडलो तर समोरून येणारा निम्मा रस्ता त्याच रंगात रंगलेला. परगावची सवय अजून मोडली नव्हती; दिसेल त्या जर्सीकडे पाहून मी मान हलवत, ओळखीचं हसत निघालो. पन्नासेक जण मागे पडले असतील. शेवटी एकाने थांबून विचारलं, “काका, कुणाला शोधताय का?”