एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचे मेंदूचित्रण आणि आकलनशक्ती

आईकडून गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून एचआयव्हीची लागण झालेल्या मुलांच्या मेंदूची रचना एमआरआयने पाहणे आणि स्मरण, लक्ष, विचाराचा वेग यांच्याशी तिचा मेळ घालणे, असा हा अभ्यासविषय आहे. प्रौढाचा मेंदू घडून झालेला असतो, तर बाळाचा घडत असतानाच विषाणू त्यात शिरतो.

विषाणू चेतापेशींवर थेट फारसा हल्ला करत नाही. तो मेंदूतल्या संरक्षक पेशींत (मायक्रोग्लियात) ठाण मांडतो आणि तिथून सुटणारी प्रथिने व दाहकारक द्रव्ये चेतापेशींना इजा करतात. उपचारांविना कित्येक बाळांच्या डोक्याची वाढ खुंटे, बसायला-बोलायला शिकलेले मूल ते विसरून जाई. सीटी स्कॅनमध्ये मेंदू आक्रसलेला आणि खोलवरच्या, हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या बेसल गँग्लिया या भागात कॅल्शियम साचलेले दिसे.

दक्षिण आफ्रिकेत केप टाउन व सोवेटो येथे २००५ मध्ये सुरू झालेली ‘चेर’ चाचणी या विषयात निर्णायक ठरली. ६ ते १२ आठवड्यांच्या बाळांपैकी काहींना लगेच एआरटी (विषाणूला दाबून ठेवणारी औषधे) दिली, काहींना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रकृती किंवा सीडी४ पेशींची (रक्तातल्या संरक्षक पेशींची) संख्या ढासळेपर्यंत थांबवले. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: लवकरच्या उपचाराने मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बाधित तान्ह्यांना निदान होताच औषधे सुरू करण्याची शिफारस केली. लगेच उपचार मिळालेल्या बाळांची हालचालींची प्रगतीही सरस होती.

मात्र यातल्या केप टाउनच्या मुलांचे पाचव्या वर्षी एमआरआय केले, तेव्हा लवकर औषधे मिळूनही श्वेतद्रव्यात, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंत, फरक आढळले. रक्तातला विषाणू दबला तरी मेंदूची काळजी मिटत नाही, हे डॉक्टरांनी आणि पालकांनीही लक्षात ठेवायला हवे.

म्हणूनच निदान लवकर होणे कळीचे आहे. आईची प्रतिद्रव्ये बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकत असल्याने ती प्रतिद्रव्येच शोधणारी नेहमीची चाचणी दिशाभूल करते. त्याऐवजी विषाणूचे जनुकीय द्रव्य थेट शोधणारी पीसीआर चाचणी लागते. भारतात आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी) केंद्रांत सहाव्या आठवड्यापासून बाळाच्या रक्ताचे थेंब कागदावर सुकवून त्यासाठी पाठवले जातात.

अर्थ लावताना घाई नको. गरिबी, कुपोषण, आई-वडिलांचे आजारपण किंवा मृत्यू, बुडालेली शाळा यांनीही बुद्धिचाचणीतले गुण खाली येतात. त्यामुळे तुलनेला निव्वळ निरोगी मुले पुरत नाहीत. त्याच वस्तीतली, आई बाधित असूनही स्वतः लागणीतून वाचलेली मुलेही अभ्यासात घ्यावी लागतात.