पोलीस ॲक्शन, हैदराबाद (१९४८) : हवाई व राजनैतिक बाजू

हैदराबाद संस्थान भारतात सामील करून घेण्यासाठी भारत सरकारने १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत केलेली लष्करी मोहीम. संस्थानच्या औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्यात, ती ‘पोलीस ॲक्शन’ किंवा नुसती ‘ॲक्शन’ म्हणून ओळखली जाते. ‘रझाकारीत’ (म्हणजे निजामसमर्थक रझाकार संघटनेच्या धुमाकुळाच्या काळात) आणि ‘ॲक्शननंतर’ हे शब्द जुन्या पिढीच्या बोलण्यात सनावळीसारखे येतात. (जिल्ह्यांची नावे येथे तत्कालीन दिली आहेत.) स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा लढा, सरहद्दीवरचे कॅम्प, उमरी बँकेवरील छापा (३० जानेवारी १९४८) हा भाग वाचकांना परिचित आहे. त्यामानाने या मोहिमेतील विमानांचा वाटा आणि पॅरिस, लंडन, कराची येथे तिच्याभोवती चाललेले राजकारण यांची मराठीत फारशी नोंद झालेली नाही. प्रस्तुत नोंदीचा भर त्यावर आहे.

मोहिमेच्या लष्करी आराखड्याला दक्षिण कमांडचे आधीचे ब्रिटिश सेनापती गोडार्ड यांच्यावरून ‘गोडार्ड प्लॅन’ म्हणत. ‘ऑपरेशन पोलो’ हे नाव अधिक रूढ आहे. हैदराबाद शहरात पोलोची मैदाने पुष्कळ होती म्हणून ते पडले, असे सर्वत्र लिहिले जाते. पण ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली वाटते. काही लेखनात ‘ऑपरेशन कॅटरपिलर’ असेही नाव आढळते.

‘पोलीस ॲक्शन’ या शब्दाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. रणगाडे, तोफखाना आणि बाँबफेकी विमाने घेऊन झालेल्या मोहिमेला ‘पोलीस’ का म्हणावे, याची उपपत्ती तीन प्रकारे लावता येते. पहिली कायद्याची : संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील अनुच्छेद २(४) एका राष्ट्राला दुसऱ्यावर बळ वापरण्यास मनाई करतो, तर अनुच्छेद २(७) राष्ट्राच्या अंतर्गत बाबींत हस्तक्षेप नाकारतो. युद्ध म्हटले की हैदराबाद स्वतंत्र राष्ट्र असल्याचे मान्य केल्यासारखे होते. पोलिसी बंदोबस्त म्हटला की प्रकरण घरचे ठरते. दुसरी उपपत्ती डच उदाहरणाची. इंडोनेशियातील प्रजासत्ताकावर डचांनी जुलै १९४७ मध्ये केलेल्या स्वारीला ते ‘पोलीस कारवाई’च म्हणत होते. ती स्वारी सुरक्षा परिषदेपुढे नेणाऱ्यांत भारत स्वतः होता, त्यामुळे शब्द आणि त्यामागची कायदेशीर ढाल या दोहोंची दिल्लीला पूर्ण ओळख होती. तिसरी उपपत्ती ब्रिटिश अमदानीतल्या प्रशासकीय भाषेकडे बोट दाखवते : वायव्य सरहद्दीवर टोळ्यांवर विमानांतून होणाऱ्या कारवाया ‘बंदोबस्त’ या सदरातच मोडत. तिन्हींत पहिली अधिक ग्राह्य वाटते. दुसरी तिला पूरक आहे. कोणतीही धरली तरी एक गोष्ट दिसते : हा शब्द मराठवाड्यातील शेतकऱ्याला उद्देशून निवडलेला नव्हता, तो परदेशातील श्रोत्यांसाठी होता. मराठवाड्याने मात्र तो उचलला आणि आपल्या बोलीत कायमचा ठेवला.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ च्या फर्मानाने भारत व पाकिस्तान या दोन्ही अधिराज्यांबाहेर राहण्याचा मनोदय जाहीर केला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. कन्हैयालाल मुनशी भारताचे एजंट-जनरल (प्रतिनिधी) म्हणून हैदराबादेत आले. करार झाला तरी ताण वाढतच गेला. संस्थानकडून भारत सरकारच्या रोख्यांतून पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देण्यात आले, भारतीय चलनावर निर्बंध आले, आणि लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकार संघटनेचे गावोगाव अत्याचार सुरू झाले. जुलै १९४८ मध्ये सोलापूरजवळच्या नान्नज येथे भारतीय लष्करी तुकडीवर हल्ला झाला. सरहद्द सरळ रेषेत नव्हती, एकाच्या हद्दीत दुसऱ्याची गावे अडकलेली होती. अशा चकमकींना तेही एक कारण होते.

संस्थानला समुद्रकिनारा नव्हता आणि चारही बाजूंनी भारतीय प्रदेश होता. रेल्वे व रस्ते भारताने आवळल्यावर शस्त्रे आणण्याची एकच वाट उरली, ती आकाशाची. तिचा उपयोग सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने केला. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी विमानातून छायाचित्रे घेऊन टेहळणी करण्याचे तंत्र ब्रिटनसाठी उभे करणारा तो हाच गृहस्थ. जून १९४८ च्या सुमारास त्याने लँकास्ट्रियन जातीची विमाने मिळवून कराचीहून रात्रीची उड्डाणे सुरू केली. ही विमाने बीदर व वरंगळ येथील धावपट्ट्यांवर उतरत. लँकास्ट्रियन म्हणजे लँकास्टर या बाँबफेकी विमानाचे प्रवासी-मालवाहू रूप. चार मर्लिन इंजिने, आणि पल्ला ६,००० किमी.हून अधिक. कराची ते बीदर हे हवाई अंतर सुमारे १,३०० किमी. आहे. म्हणजे हे विमान मध्ये कोठेही न उतरता, हैदराबादेत पेट्रोलचा थेंबही न घेता, माल उतरवून पहाटेपूर्वी परतू शकत होते. नाकेबंदीत इंधनाची टंचाई असलेल्या संस्थानच्या दृष्टीने हा गुण निर्णायक होता, आणि विमानाची निवड त्यामुळेच झाली असावी.

भारताकडे ही उड्डाणे रोखण्याचे साधन जवळजवळ नव्हते. रॉयल इंडियन एअर फोर्सकडील (‘रॉयल’ हे पद १९५० मध्ये गेले) टेंपेस्ट व स्पिटफायर ही दिवसा लढणारी विमाने होती; अंधारात शत्रू शोधणारे रडार त्यांच्यावर नव्हते, आणि हवाई दलाचा बराचसा भाग काश्मीरच्या लढाईत गुंतला होता. त्यात पावसाळ्याचे ढग. कॉटनच्या फेऱ्या किती झाल्या आणि किती शस्त्रे उतरली याबद्दल लेखकांत एकवाक्यता नाही. कॉटनच्या बाजूने सांगितलेले आकडे मोठे आहेत. प्रत्यक्ष लढाईत मात्र त्या शस्त्रांचा प्रभाव फारसा दिसला नाही, म्हणून धाकटे आकडे अधिक विश्वसनीय मानावेत. पुढे १९४९ मध्ये हवाई वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल कॉटनला इंग्लंडमध्ये २०० पौंड दंड झाला.

या उड्डाणांचा परिणाम लष्करीपेक्षा राजनैतिक अधिक झाला. कराचीहून शस्त्रे येतात याचा अर्थ हैदराबादचा तंटा आता दिल्ली आणि हैदराबाद यांच्यापुरता उरला नाही, असा दिल्लीने घेतला. लष्करी हालचाल केल्यास पाकिस्तानची विमाने मुंबई-अहमदाबादवर येतील, ही धास्ती सरसेनापती जनरल रॉय बुचर यांना होती, असे तत्कालीन अधिकाऱ्यांच्या आठवणींवरून दिसते. उलट कराचीत पंतप्रधान लियाकत अली खान यांनी दिल्लीवर बाँबफेक शक्य आहे का असे विचारले असता, उपलब्ध विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असल्याचे उत्तर त्यांना मिळाले, असे सांगितले जाते. ही हकीकत एका बाजूच्या आठवणीवर उभी असल्याने जपून घ्यावी. महंमद अली जिना यांचे ११ सप्टेंबर रोजी निधन झाले आणि १३ च्या पहाटे भारतीय फौजा हलल्या. या दोन घटनांत कार्यकारण जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे; परंतु मोहिमेचा निर्णय जिनांच्या निधनापूर्वीच झालेला होता.

दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी यांच्या देखरेखीखाली मुख्य चढाई मेजर जनरल जयंतो नाथ चौधुरी यांनी सोलापूरकडून केली. निजामाच्या फौजेचे नेतृत्व मेजर जनरल एल एदरूस यांच्याकडे होते. हैदराबादला लढाऊ हवाई दल नसल्याने विमानांची आपसांत झुंज अशी झालीच नाही. आकाश पहिल्या तासापासून एका बाजूचे होते. टेंपेस्ट विमाने पुण्याहून उडत : नळदुर्ग तेथून सरळ रेषेत सुमारे २७० किमी., तर बीदर सुमारे ४०० किमी. चार २० मिमी. तोफा आणि पंखाखाली बाँब किंवा रॉकेटे घेऊन जाणाऱ्या या विमानाला पाऊण तासाच्या आत लक्ष्य गाठता येई. पहिली कामगिरी बीदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर बाँब टाकण्याची होती. कॉटनची वाट त्यामुळे बंद झाली.

जमिनीवर नळदुर्गजवळ बोरी नदीवरील पूल उडवला जाण्याआधी हस्तगत झाला, हे पहिल्या दिवसाचे मोठे यश. तो पूल पडता तर रणगाडे नदीकाठीच अडकले असते. तुळजापुरात हैदराबादच्या पायदळाने व सुमारे २०० रझाकारांनी दोन तास प्रतिकार केला. तेथून लोहाऱ्याकडे जाणारी वाट नदीच्या पुराने अडवली. दुसऱ्या दिवशी (१४ सप्टेंबर) उमरग्याहून पूर्वेस राजेश्वरकडे जाताना रस्त्याकडेला दबा धरलेल्या मोर्चेबंद्या विमानांतून दिसल्या. टेंपेस्टनी त्यांवर मारा केला आणि दुपारपर्यंत राजेश्वर हाती आले. विमान आणि जमिनीवरील तुकडी यांच्या सहकार्याचे मोहिमेतील हे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. त्याच दिवशी उस्मानाबाद शहर गल्लीबोळांतील लढाईनंतर पडले, तर मेजर जनरल ब्रार यांच्या फौजेपुढे औरंगाबादच्या मुलकी प्रशासनाने लढाईविना शरणागती पत्करली. जालन्याला कडवा प्रतिकार झाला. नंतर लातूर व मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथून सरकत फौजा बीदरपर्यंत पोहोचल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. १८ ला एल एदरूस यांनी चौधुरींपुढे औपचारिक शरणागती दिली. परभणी व नांदेड जिल्ह्यांतील हालचाली लष्करी वृत्तांतांत थोडक्यात आटोपल्या आहेत.

याच दिवसांत पॅरिसमध्ये दुसरी लढाई चालू होती. हैदराबादने २१ ऑगस्टच्या तारेने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. आधार होता सनदेतील अनुच्छेद ३५(२), ज्यान्वये सदस्य नसलेले राष्ट्रही आपला तंटा मांडू शकते. खरा पेच येथेच होता. अनुच्छेद ‘राष्ट्रा’ला हक्क देतो, संस्थान राष्ट्र आहे काय? ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपल्यावर ते आपोआप निजामाकडे परतले, असे हैदराबादचे म्हणणे. संस्थान पूर्वी कधीच आंतरराष्ट्रीय अर्थाने राष्ट्र नव्हते आणि संरक्षण, परराष्ट्र व दळणवळण ‘जैसे थे’ करारानेही भारताकडेच होते, असे भारताचे. १६ सप्टेंबर रोजी, फौजा संस्थानात आत असताना, परिषदेने विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याचे ८ विरुद्ध ० मतांनी ठरवले. सोव्हिएट संघ, युक्रेन व चीन तटस्थ राहिले. विषय घेतला म्हणजे हैदराबादला राष्ट्र मानले असे नव्हे, हेही तेव्हाच स्पष्ट करण्यात आले. भारताची बाजू रामस्वामी मुदलियार यांनी मांडली, तर हैदराबादच्या शिष्टमंडळाचे नेते मोईन नवाज जंग होते. अर्जेंटिनाच्या प्रतिनिधीने हैदराबादची बाजू जोराने उचलून धरली. २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेतल्याची तार केली. ती तार स्वेच्छेची की लष्करी अमलाखाली पाठवलेली, यावर परिषदेत वाद झाला आणि विषय पत्रिकेवरून काढला गेला नाही. मे १९४९ मध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी तो पुन्हा मांडला, ठराव मात्र झाला नाही. ‘हैदराबाद प्रश्न’ त्यानंतर कित्येक दशके परिषदेच्या प्रलंबित विषयांच्या यादीत राहिला, इकडे संस्थानचे १९५६ मध्ये त्रिभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला तरीही.

याच मोईन नवाज जंग यांच्याशी निगडित एक प्रकरण त्याहून लांबले. ते संस्थानचे अर्थमंत्रीही होते. सप्टेंबर १९४८ मध्ये, शरणागतीच्या दोन-तीन दिवसांत, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग इतकी रक्कम पाकिस्तानचे तेथील हाय कमिशनर रहिमतुला यांच्या नावे वळवण्यात आली. निजामाने ती परत मागितली. बँकेने वादापायी कोणालाच दिली नाही. सत्तर वर्षांनी झालेल्या खटल्यात पाकिस्तानचा एक युक्तिवाद असा होता की, ही रक्कम कॉटनने पोहोचवलेल्या शस्त्रांची भरपाई होती. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ रोजी तो अमान्य करून निकाल निजामाचे वारस व भारत यांच्या बाजूने दिला. तोवर रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. रात्रीच्या त्या उड्डाणांची न्यायालयीन छाननी याच खटल्यामुळे झाली, आणि त्यांच्या अभ्यासकाला हे निकालपत्र टाळता येणार नाही.

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो, आणि रझाकारीत भोगलेल्या लोकांच्या दृष्टीने तो खरोखरच सुटकेचा दिवस होता. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातील अनेक गावांत मुसलमान वस्तीवर सूड उगवण्यात आला, याची नोंद लष्करी इतिहासांत नाही आणि राजनैतिक इतिहासांत ओझरती आहे. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून दिलेल्या अहवालात एकूण मृत्यूंचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा आहे. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड असे दिले असून, तेथील मृतांची संख्या किमान १८,००० धरली आहे. औरंगाबाद व बीडसह आणखी चार जिल्ह्यांत किमान ५,०००. काही अभ्यासक हे आकडे अंदाजी म्हणून बाजूला ठेवतात. परंतु समिती सरकारचीच होती आणि तिने रझाकारांच्या आधीच्या अत्याचारांचीही नोंद घेतली आहे, म्हणून ते सहज नाकारता येत नाहीत. अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. दिल्लीत तो अभ्यासकांना २०१३ च्या सुमारास पाहण्यास मिळू लागला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर शेजाऱ्यांना जिवाची किंमत देऊन वाचवले, हेही त्यात नमूद आहे.